परवाना म्हणजे परवानगी, कर्नलसाहेब!

कर्नल आरन ऑग्डन,
माजी सेनेटर, माजी गव्हर्नर, माजी मक्तेदार,
मु. पो. एलिझाबेथटाउन, न्यू जर्सी

कर्नलसाहेबांच्या सेवेशी सा. न. वि. वि.

आपण १८३९ साली वारलात, त्यामुळे पत्र पोचायला जरा उशीर होत आहे. पण आयुष्य कोर्टात घालवलेल्या माणसाला एवढ्या उशिराचे काही वाटू नये.

मी मुंबईचा एक साधा उतारू. गेटवेवरून मांडव्याला लाँचने जातो. धक्क्यावर पाऊल टाकले की वेगवेगळ्या लाँचवाल्यांची माणसे ‘मांडवा, मांडवा’ करत अंगावर येतात. एकाच पाण्यात इतक्यांना बोटी चालवू द्यायच्या, ही काय शिस्त झाली? अशा वेळी मला हटकून आपली आठवण होते. न्यूयॉर्कच्या पाण्याला आपण कुलूप लावू पाहिले होते. फक्त किल्ली कोणाच्या कनवटीला असावी, याबद्दल आपले मत अधूनमधून बदलत असे.

त्या कुलपाचा मक्ता मुळात आपला नव्हे, लिव्हिंग्स्टनसाहेबांचा. १७९८ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या विधिमंडळाकडे वाफेच्या बोटींची मक्तेदारी मागितली, तेव्हा तिथे चालणारी वाफेची बोट कोणाकडेच नव्हती, त्यांच्याकडेही नव्हती. कामाचा कंटाळा आला की तरुण सभासद ‘ते वाफेच्या बोटीचे बिल काढा हो’ म्हणत आणि पोटभर हसून घेत. मंजूरही करून टाकले. नसलेल्या म्हशीच्या दुधाचा मक्ता द्यायला कोणाच्या बापाचे काय जाते? मग ऑगस्ट १८०७ मध्ये भागीदार फुल्टन यांची बोट खरोखरच न्यूयॉर्कहून ऑल्बनीला गेली. सुमारे दीडशे मैल, बत्तीस तासांत. हसणे तिथेच थांबले. पुढच्याच वर्षी कायदा आणखी कडक झाला: यांच्या परवानगीवाचून जो कोणी या पाण्यात वाफेची बोट आणील, त्याची बोटच जप्त.

आता आपली खरी थोरवी. १८१३ साली आपण आपल्या न्यू जर्सीच्या विधिमंडळाकडून तिकडच्या पाण्याची मक्तेदारी पदरात पाडून घेतलीत. १८१४ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळापुढे जाऊन तिथली मक्तेदारी कशी अन्यायाची आहे, हेही तळमळीने मांडलेत. एकाच माणसाच्या एका खिशात मक्ता आणि दुसऱ्या खिशात मक्त्याविरुद्धचा अर्ज, हे दृश्य आमच्याकडेही दुर्मीळ नाही, पण इतक्या थोड्या अवधीत क्वचितच जमते. न्यूयॉर्कने आपले ऐकले नाही. न्यू जर्सीनेही १८१५ मध्ये दिलेले परत घेतले. तेव्हा आपण काय केलेत? ज्या नाक्याविरुद्ध आरडाओरडा केला, त्याच नाक्याचा परवाना लिव्हिंग्स्टन घराण्याकडून पैसे मोजून घेतलात, आणि त्या दिवसापासून तो नाका आपल्याला न्याय्य, घटनात्मक आणि लोकोपयोगी वाटू लागला. मी आपल्याला नावे ठेवत नाही. नाक्याच्या आतून नाका वेगळा दिसतो.

आपले भागीदार थॉमस गिबन्स यांचे मात्र मोठेच चुकले. जॉर्जियाचे मळेवाले, गुलामांचे मालक, शिवाय आपल्यासारखेच वकील. घरगुती भानगडीवरून आपले बिनसले आणि १८१६ साली ते चाबूक घेऊन आपल्या दारात आले, द्वंद्वयुद्धाचे आव्हान देऊन गेले. आपण सुसंस्कृत माणूस, आपण अतिक्रमणाचा दावा लावलात. तेव्हा त्यांनी चाबूक ठेवला आणि बोट घेतली. आपल्याच एलिझाबेथटाउन ते न्यूयॉर्क मार्गावर! कप्तान नेमला व्हँडरबिल्ट नावाचा विशीतला आडदांड पोरगा. ‘न्यू जर्सी मुक्त झालीच पाहिजे’ असे निशाण बोटीवर फडकवायचे, भाडे पाडायचे आणि पकडायला माणसे आली की बोटीवर लपून बसायचे, हा त्याचा नित्यक्रम. उतारूंना ते आवडे. उतारूंना काय, स्वस्त तिकीट मिळाले की सगळेच आवडते. हाच पोरगा पुढे अमेरिकेतल्या बड्या मक्तेदारांत गणला गेला, आणि तेव्हा निशाणावर काय लिहिले होते याची त्याला कोणी आठवण करून दिल्याचे ऐकिवात नाही.

आपण गिबन्सना न्यूयॉर्कच्या कोर्टात खेचलेत. त्यांच्या हातात होता एक कागद. १७९३ च्या केंद्रीय कायद्याने बोटीची नोंदणी करून घेतलेला किनारी व्यापाराचा परवाना. आणि इथे आपल्या बाजूने जी वकिली झाली, तिला माझा साष्टांग दंडवत. तिथले न्यायाधीश चॅन्सेलर केंट यांनी १८१९ साली निकाल दिला की हा परवाना एवढेच सांगतो की बोट अमेरिकन आहे. ती चालवता येते असे तो सांगत नाही. वा! आमच्या रेशनकार्डासारखे: तुम्ही आहात हे सिद्ध, तांदूळ मिळेलच असे नाही. मग वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात सांगण्यात आले की कायदा व्यापाराचा आहे, आणि उतारू म्हणजे काही माल नव्हे. (उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या लाँचमध्ये बसून पाहा. आम्ही मालच असतो, फक्त वजन करत नाहीत.) शिवाय कायदा झाला तेव्हा वाफ कुठे होती? शिडांच्या बोटींचा परवाना बंबाच्या बोटीला कसा चालेल?

इकडे तोवर न्यू जर्सीने उलट जप्तीचा कायदा केला होता. कनेक्टिकटने न्यूयॉर्कच्या परवान्यावर चालणाऱ्या बोटींना आपले पाणीच बंद केले होते. गिबन्सचे एक वकील विर्ट यांनी न्यायाधीशांना सांगितले की तीन राज्ये यादवीच्या उंबरठ्यावर उभी आहेत. एका तिकिटापायी!

२ मार्च १८२४ रोजी सरन्यायाधीश मार्शल यांनी निकाल वाचला. गाजला तो राज्याराज्यांतल्या व्यापारावर केंद्राचा अधिकार किती, यासाठी. मला आवडतो तो त्यातल्या साध्या गोष्टींसाठी. उतारू नेणे हाही व्यापार. बोट वाऱ्याने चालते की वाफेने, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. आणि एखादी गोष्ट करण्याचा परवाना म्हणजे ती करण्याची परवानगी. तीन कोर्टे, पाचसहा वर्षे, देशातले नामांकित वकील, आणि हाती लागले काय, तर परवाना म्हणजे परवानगी. आमच्या मंडळींनी हे फुकट सांगितले असते. अर्थात आमच्या कचेऱ्यांत ते अजून सर्वमान्य झालेले नाही.

कुलूप निघाले, वाटेल त्याच्या बोटी न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागू लागल्या. गिबन्स दोन वर्षांनी गेले, श्रीमंतच गेले. आपण मात्र कर्जात बुडालात आणि त्यापायी न्यूयॉर्कच्या तुरुंगात गेलात. ज्या विधिमंडळाचा कायदा आपला मक्ता वाचवू शकला नाही, त्याच विधिमंडळाने स्वातंत्र्ययुद्धातल्या जुन्या सैनिकांना कर्जापायी डांबू नये असा कायदा केला आणि आपण सुटलात. सरकारने आपल्याला जर्सी सिटीला कस्टम्सची नोकरीही दिली.

कर्नलसाहेब, किनारी व्यापाराचे ते परवाने कस्टम्सच्या खात्यातूनच मिळत. एवढेच विचारायचे होते: एखादा नाखवा अर्ज घेऊन समोर उभा राहिला, तर आपण त्याला काय सांगत होतात?

आपला नम्र,
खिडकीजवळची जागा न मिळालेला एक उतारू