दरीला दिलेले दान

पावसाने डोंगर हिरवे केले की नांदगाव खंडेश्वरातून अमरावती, परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला गाड्या निघतात. या सहलीची तयारी इतकी चोख असते की तिचे जाहीर कौतुक व्हायलाच हवे.

आपल्या वाडवडिलांना हे जमले नाही. ते वावरात रोडग्यांची पार्टी करत. घरून कणीक, तेल, वांगी, तुरीची डाळ न्यायची. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, भाजी-वरण पळसाच्या पत्रावळीवर वाढायचे. जेवणे आटोपली की पत्रावळी उकिरड्यात आणि राख वावरात. चार पाऊस झाले की तिथे पंगत बसली होती, याचा पुरावाच उरत नसे. अशा माणसांची आठवण कोणी आणि कशी ठेवावी?

आपण मागे खूण ठेवतो. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्याने 2018 मध्ये बंदी घातली, तरी सहलीच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा गठ्ठा मिळतोच. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला हा विश्वास सरकारलाही तोडता आलेला नाही. सोबत प्लास्टिकचे पेले, पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटे आणि दरीपलीकडच्या गावालाही ऐकू जाईल असा स्पीकर. यादीत एवढे सगळे असते. नसते ती फक्त उष्टे-खरकटे परत आणायची पिशवी. तेही बरोबरच आहे. भरल्या घरच्या माणसांनी रिकामी पिशवी घेऊन निघणे शोभत नाही.

चिखलदऱ्यात या वागण्याला पौराणिक आधारही आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्याच दरीत फेकले, अशी कथा सांगतात. भीमाला एवढ्या मोठ्या दरीत टाकायला एकच कीचक मिळाला. आपण दर रविवारी गाड्या भरभरून नेतो. भीम नंतर भीमकुंडात अंग धुऊन मोकळा झाला म्हणतात. आपल्याला तेवढाही त्रास पडत नाही, कारण आपल्या हाताला काही लागतच नाही.

वन्यजीवांनाही आपण विसरत नाही. शेजारीच मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या सांबरांना, वांदरांना झाडपाल्याचा कंटाळा येत असेल, म्हणून खारट पाकिटे आपण उघडूनच टाकतो. गिळलेले प्लास्टिक पचत नाही. एकदा पोटात गेले की आतच साठत राहते. इतका टिकाऊ पाहुणचार पळसाच्या पानाला कधी साधला नसता. उरलेले पावसाच्या लोंढ्याबरोबर नाल्यात उतरते आणि खालच्या गावांनाही सहलीचा वाटा घरपोच मिळतो.

सोमवारी कोणी सफाई कामगार कठड्यापलीकडे उतरून, एका हाताने झुडूप धरून, दुसऱ्या हाताने आपली ताटे गोळा करतो. त्याचा पाय घसरू नये, अशी आपली मनापासून इच्छा असते. पण तोवर आपण घाट उतरून घरी आलेलो असतो आणि पुढच्या सहलीची यादी सुरू झालेली असते. या खेपेला चार ताटे कमी पडली. गठ्ठा मोठा घ्यावा, असे सर्वानुमते ठरले आहे.