आधी कप्पा ओढा

मुंबईत घर परवडत नाही म्हणून घराला चाकं लावायची, हे आता जोगेश्वरीतही सुरू झालंय. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच सुमारास सगळ्यांच्या मोबाइलवर मागचं दार उघडून समुद्राकडे बघत चहा पिणारी जोडपी आली. कारखान्यातून आलेली मोटरहोम आपल्या खिशाला झेपत नाही. मग जुनी ट्रॅव्हलर नाहीतर विंगर घ्यायची, सीटा उपटायच्या, आत सुतार सोडायचा. झालं स्वस्तातलं चालतं घर!

ते विकत घ्यायला जाणारा मुंबईकर मात्र सँपल फ्लॅट बघायला गेल्यासारखा जातो. एलईडीच्या पट्ट्या बघून हरखतो, सनमायकावर हात फिरवतो, गादीवर बसून दोनदा उसळतो आणि टोकन देऊन येतो. अहो, फ्लॅटमागे निदान महारेरा तरी आहे. बांधकामात खोट निघाली तर पाच वर्षं बिल्डरची मानगूट धरता येते. इथे मानगूट धरायला गेलात तर समोर सुतार, आणि सुतार गावी.

गंमत म्हणजे हाच माणूस ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात गेला की एकदम जाणकार होतो. कपाट फिरवून त्याची पाठ बघतो, बोटाच्या पेराने ठोकतो, कप्पा पूर्ण बाहेर ओढून तळाशी कुठलं लाकूड मारलंय ते तपासतो. हजारांच्या कपाटाला एवढी तपासणी आणि लाखांच्या गाडीला नाही? तर गाडीतही तेच करा. सिंकखालचं दार उघडा, टॉर्च मारा आणि प्लायची कड शोधा. समोरून लॅमिनेट, पण पाइपासाठी पाडलेल्या भोकाची कड उघडीच, असं असेल तर पहिल्या गळतीला ती कड फुगणार. ओलाव्याच्या जागी आयएस 710 चा मरीन प्लाय हवा. त्याच्या चाचणीत तो 72 तास उकळतात, तरी थर सुटता कामा नयेत. विक्रेत्याला त्याचा शिक्का दाखवायला सांगा. ‘शिक्का सनमायकाच्या खाली गेला’ असं उत्तर आलं तर समजा, प्लायही त्याच वाटेने गेला.

आता उलटी बाजू. ‘साहेब, सगळं अठरा एमएमचं, दणकट!’ असं कोणी छाती ठोकून सांगितलं तर आणखी सावध व्हा. आठ बाय चारचं असलं एक शीट तीस किलोच्या वर भरतं. गाडीत अशी दहा-बारा शीटं, दोनशे लिटरची पाण्याची टाकी म्हणजे दोनशे किलो, वर बॅटऱ्या, एसी, फ्रिज आणि सासरची माणसं. ट्रकवाले जातात त्या वजनकाट्यावर गाडी टाकी भरून न्या आणि आकडा आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. काट्याचे पैसे किरकोळ लागतात. विक्रेत्याचा चेहरा मात्र बघण्यासारखा होतो.

एसीचं गणितही तिथेच उभ्या उभ्या करता येतं. ‘रात्रभर चालतो’ म्हणतात ना? 12 व्होल्टची 150 एएचची एक बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. इन्व्हर्टरची साधी लेड-ॲसिड असेल तर निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती नऊशे. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास खातो. दहाला लावलेला एसी अकराच्या आत ‘राम राम’ म्हणणार. आणि ही बॅटरी पलंगाखाली, हवा जायला वाट न ठेवता कोंबलेली असेल तर एसीची चिंता सोडा. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि तो हलका, वर साचतो. गॅसच्या सिलिंडरचं उलट. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. बऱ्याच ठिकाणी ते वर, दिसायला छान अशा जाळीत असतं.

पाण्याची परीक्षा फुकट आहे. गाडी जुलैत बघायला जा. डिसेंबरात कुठलंच छत गळत नाही. एसी, खिडकी, सोलरची पट्टी, जे जे बसवायला छतात भोक पाडलंय तिथे आतून दाबून बघा, मऊ लागतं का. जोगेश्वरीची लेणी सहाव्या शतकातली, अखंड खडकातली, एकही सांधा नाही. तरी पावसाळ्यात तिथे पाणी झिरपतं. मग पत्र्याच्या चाळीस सांध्यांवर सिलिकॉनची ट्यूब पिळून ‘लाइफटाइम’ म्हणणाऱ्याचं धाडस मोठंच.

फिल्मसिटी हाकेच्या अंतरावर असल्याने आपल्याकडे आणखी एक माल येतो: जुनी व्हॅनिटी. हिंदी सिनेमात व्हॅनिटी व्हॅन आणल्याचं श्रेय पूनम ढिल्लों यांना देतात. पण ती गाडी हिरोसारखीच, बहुतेक वेळ बसून असते. जनरेटरवर दिवसभर उभी राहायची, आतलं फर्निचर उभ्या गाडीचं. तिला महाबळेश्वरचा घाट दाखवला की आरसा एकीकडे, बिजागरी दुसरीकडे. म्हणून टेस्ट ड्राइव्ह लोखंडवालाच्या गुळगुळीत रस्त्यावर नको. जेव्हीएलआरवर घ्या. मेट्रो 6 च्या कामाने त्या रस्त्याची जी सेवा केलीय ती याच कामी येईल. चालवायला विक्रेत्याला बसवा आणि तुम्ही मागे बसून ऐका. करकर कुठून येते, ब्रेक मारला की कुठला कप्पा आपोआप बाहेर येतो, सिंकमधलं पाणी कुठे जातं. विक्रेता गाण्याचा आवाज वाढवेल. बंद करायला लावा.

शेवटी कागद. मोटरहोमसाठी आपल्याकडे एआयएस-124 हे मानक आहे. आरसीतल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असा बदल परस्पर करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. सीटा काढून पलंग घातलेल्या गाडीच्या आरसीवर ‘आसनं 17’ असेल तर उद्या अपघातात विमा कंपनीचा माणूस आधी सीटाच मोजेल. हे विचारलंत की विक्रेता हसून म्हणतो, ‘ते होऊन जाईल, आपला माणूस आहे आरटीओत.’ ठीक आहे. त्या माणसाला म्हणावं, होऊन गेलं की आरसीची झेरॉक्स पाठव, मग चेक लिहितो.