स्क्रिप्टचे मौनव्रत : नवशिक्यांसाठी सूचना

व्हीपीएन जोडणारी पायथन स्क्रिप्ट चालेना, तर प्रथम आज गुरुवार आहे का ते पाहावे. पुण्यात पाणी आणि वीज दोन्हींच्या दुरुस्तीचा हा नेहमीचा वार. राउटरचे दिवेच लागत नसतील तर पायथनला शिव्या घालू नयेत.

दिवे लागले आहेत आणि स्क्रिप्टने ‘जोडले!’ असे छापलेही आहे? विश्वास ठेवू नये. ते वाक्य तुम्हीच लिहिले आहे. सबप्रोसेस.रन हे फंक्शन सांगितलेल्या कामाला जाते, तिथे काम फसते आणि ते निमूट परत येते. विचारल्याशिवाय बोलत नाही. विचारायचे म्हणजे कंसात चेक=ट्रू लिहायचे. मग मात्र सगळी आळी गोळा होईल इतके ओरडते.

काहींना ते ओरडणे सोसत नाही. ते सगळा कोड ट्रायमध्ये गुंडाळतात आणि खाली ‘एक्सेप्ट: पास’ लिहितात. चुलीवर दूध करपले म्हणून नाकाला रुमाल बांधण्यातला हा प्रकार. असे करणाऱ्या एका गृहस्थांना मी रोज दाढी करताना पाहतो.

‘परमिशन डिनाइड’ दिसले तर सुडो राहिले. पुढे चला.

खरा गुंता वेगळाच. वायरगार्ड हँडशेक झाल्याची वेळ दाखवते, तरी ऑफिसचा सर्व्हर सापडत नाही. घरच्या राउटरचा पत्ता पाहा : १९२.१६८.१.१. ऑफिसचे जाळेही १९२.१६८.१ वरच असेल, तर सदाशिव पेठेत दोन जोशी वाडे झाले. पोस्टमन बहुधा जवळच्याच वाड्यात पत्र टाकणार. हिंजवडीच्या सर्व्हरला धाडलेले पाकीट तुमच्याच हॉलमधल्या प्रिंटरच्या दारात जाऊन उभे राहते. इथे पायथनच्या शंभर ओळी लिहून काही होत नाही. घरचा राउटर १९२.१६८.७७ वर न्यावा, एवढेच. (प्रिंटर मग रुसतो. तो नाहीतरी रुसतोच.)

आता मी न पाळलेली सूचना. ऑफिसातल्या मशीनमध्ये घरून एसएसएचने शिरून तिथे ही स्क्रिप्ट चालवू नये. कालिदासाच्या फांदीची गोष्ट शाळेत ऐकली असेलच. मी रात्री साडेदहाला चालवली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बिनचूक चालली, सारे मार्ग तिने बदलले, आणि माझा होता तोही.

स्कूटर काढून कोथरूडहून निघालो. वाकडच्या पुलाखाली एकही गाडी अडलेली नव्हती. हे मात्र ऑफिसात कोणालाच पटले नाही.