काकू-नाना की जय, काका मुर्दाबाद!

पक्षाला नाव ठेवावं तर बीडकरांनी. (बाकीचे नुसतीच नावं ठेवतात.) २०१६च्या नगरपरिषद निवडणुकीआधी संदीप क्षीरसागरांचं काकांशी बिनसलं. थोरले काका जयदत्त आमदार, दुसरे भारतभूषण नगराध्यक्षपदाचे उमेदवार, दोघंही राष्ट्रवादीत. पुतण्यानं वेगळी चूल मांडली आणि वर पाटी लावली : काकू-नाना विकास आघाडी. काकू म्हणजे बीडच्या माजी खासदार केशरकाकू, नाना म्हणजे सोनाजीराव. पुतण्याचे आजी-आजोबा आणि ज्यांना पाडायचं, त्या काकांचे सख्खे आई-वडील!

आता काकांच्या कार्यकर्त्यानं घोषणा तरी काय द्यायची? 'काकू-नाना मुर्दाबाद' म्हणावं, तर संध्याकाळी बंगल्यावर चहा मिळायचा नाही. बंडखोरांच्या इतिहासात इतकं चिलखती नाव दुसरं नसेल. शरद पवारांनाही १९९९ साली हे जमलं नव्हतं. १० जूनला त्यांनी सोनियांच्या परदेशी मुळावरून राष्ट्रवादी काढली आणि ऑक्टोबरात त्याच काँग्रेसबरोबर राज्यात सरकार बनवलं. मूळ परदेशी असलं तरी खुर्ची स्वदेशी होती.

त्या निवडणुकीतला खरा निष्पक्ष माणूस म्हणजे फ्लेक्सवाला. एका संगणकावर दोन फाइली. दोन्हींत वरच्या कोपऱ्यात काकू-नाना, मधोमध हात जोडलेले क्षीरसागर, खाली मोबाइल कानाला लावलेले, गॉगलवाले भावी नगरसेवक. मधला फोटो तेवढा बदलायचा. फाइल चुकली तरी मतदाराला पत्ता लागला नसता. आडनाव एकच, हसू एकच, आणि विकास तर दोन्हीकडे सारखाच 'होणार' होता.

नगराध्यक्षपद भारतभूषण यांच्याकडे गेलं. आघाडीला नगरसेवक मिळाले, पुतण्याला वजन मिळालं. मग खरी गंमत सुरू झाली. २०१९च्या मे महिन्यात जयदत्तअण्णा शिवसेनेत गेले, जूनमध्ये मंत्री झाले. राष्ट्रवादीची जागा मोकळी झाली. ज्या पक्षाविरुद्ध आघाडी काढली, त्याच पक्षाच्या तिकिटावर पुतण्या उभा राहिला आणि काकांना दोन हजारांच्या आतल्या मतांनी पाडून आमदार झाला. याला कोणी पक्षांतर म्हणू नये. घरातल्या घरात खोल्या बदलल्या, एवढंच.

२०२३ला राष्ट्रवादीच फुटली. संदीप थोरल्या पवारांकडे राहिले, तेव्हा २०२४ला चुलतभाऊ योगेश धाकट्या पवारांचं घड्याळ बांधून समोर आले. तेही पडले. काका झाले, चुलतभाऊ झाला. लोकशाही वंशावळीप्रमाणे खाली सरकते आहे.

एवढ्या घडामोडींत मतदार गोंधळला तर दोष कोणाचा? २०२४च्या लोकसभेला बीडमध्ये थोरल्या पवारांचे बजरंग सोनवणे 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह घेऊन उभे होते आणि एका अपक्षाला पिपाणी मिळाली होती. यंत्रावर तिचंही नाव तुतारीच. त्या अपक्षाच्या पदरात पन्नास हजारांहून जास्त मतं पडली. सोनवणे भाजपच्या पंकजाताई मुंडेंपेक्षा साडेसहा हजारांनी पुढे राहिले, म्हणून निभावलं.

पुढच्या बंडखोराची मात्र पंचाईत आहे. आजी-आजोबांची नावं वापरून झाली. त्याखालोखाल काका-काकू, पण ते ठणठणीत आहेत, आणि त्यांच्या नावानं आघाडी काढावी तर तिकीट तेच मागायचे.