टरफलं टाकायला मुभा आहे

सिंगापुरात उतरलेल्या मराठी मंडळींना टूर लीडर आधी दंडांची यादी ऐकवतो, मग खोल्यांच्या चाव्या देतो. च्युइंगमच्या विक्रीला १९९२ पासून बंदी. मेट्रोत खाणंपिणं मना. रस्त्यावर कपटा टाकला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर पहिल्याच गुन्ह्याला २००० डॉलरपर्यंत दंड. साताऱ्याकडच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी या आकड्याला बसमध्येच पासष्टने गुणलं आणि शेजारच्या सौभाग्यवतींना सांगितलं, "अगं, एक लाख तीस हजार!" तेव्हापासून चॉकलेटचे कागद, काड्या, बाटलीची बुचं असा सगळा ऐवज सरांच्या शर्टाच्या खिशात जमा होऊ लागला.

चौथ्या दिवशी दुपारी ते रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारमध्ये शिरले आणि पायाखाली कुरकुर वाजलं. खाली बघतात तर भुईमुगाच्या टरफलांचा सडा.

रॅफल्सचा पत्ता बीच रोड. बीच मात्र औषधालाही नाही. समुद्रात भर टाकून टाकून सिंगापूरकरांनी किनारा पार लांब नेऊन ठेवला आहे. मुंबई पाहिलेल्या माणसाला त्याचं काय नवल! सार्कीज या आर्मेनियन भावांनी १८८७ मध्ये इथल्या एका बंगल्यात दहा खोल्यांचं हॉटेल काढलं, तेव्हा समुद्र समोरच होता. आजची पांढरीशुभ्र मुख्य इमारत १८९९ ची, आणि दारातले भरदार शीख दरवान तर तिच्याइतकेच फोटोत असतात. १९८७ मध्ये या वास्तूला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

भाऊ धंद्याला पक्के होते. आपल्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८९ मध्ये इथे डोकावून गेला. जेवण उत्तम आणि खोल्या वाईट, तेव्हा जेवावं रॅफल्समध्ये नि झोपायला दुसरीकडे जावं, असा त्याचा एकंदर अभिप्राय. भावांनी जेवणाचं तेवढं ठेवलं, झोपेचं गाळलं आणि जाहिरात केली. आपल्याकडे नाटकांच्या जाहिरातीत समीक्षकांची वाक्यं याच कात्रीने कापली जातात.

सरांना मात्र वाघाची गोष्ट भावली. १९०२ मध्ये सर्कशीतून सुटलेला एक वाघ हॉटेलच्या बिलियर्ड रूमखाली जाऊन बसला. ही खोली खांबांवर उचललेली, त्यामुळे खाली ऐसपैस जागा. आता त्याला गोळी घालायला बोलावलं कुणाला? रॅफल्स इन्स्टिट्यूशन या शाळेच्या हेडमास्तरांना! निवडणूक, जनगणना, खिचडी एवढ्यावरच आपलं भागलं, वाघ तेवढा राहिला, असं सर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी असूयाही होती.

आता बार. ऐतिहासिक हॉटेलातला हा ऐतिहासिक बार ऐतिहासिक जागी नाही, हे आधी सांगितलेलं बरं. पूर्वी तो खालच्या मजल्यावर होता. १९८९ ते १९९१ च्या मोठ्या डागडुजीत तो जिना चढून वर गेला. सजावट १९२० च्या सुमाराच्या मलायातल्या मळेवाल्यांच्या थाटाची: गडद लाकूड, गोल जिना, आणि छताला ताडाच्या पानांसारखे पंखे, एका लयीत डुलणारे. हे पंखे वारा घालतात असा कुणाचा समज असेल तर तो एसी बंद पडल्याशिवाय दूर व्हायचा नाही. टेबलावर शेंगांची गोणपाटाची पिशवी असते. सोला, खा, टरफल खाली टाका. इतक्या टापटिपीच्या शहरात कचरा करण्याला परंपरा म्हणतात ते इथेच.

इथलं दैवत म्हणजे सिंगापूर स्लिंग. हॉटेलवाल्यांची कथा अशी, की हायनानी बारटेंडर न्याम टोंग बून यांनी ते १९१५ मध्ये घडवलं. त्या काळी बायकांनी चारचौघांत दारू पिणं शोभत नसे. फळांचा रस चालत असे. बून यांनी जिनमध्ये चेरी ब्रँडी, कॉइंट्रो, बेनेडिक्टीन, अननसाचा नि लिंबाचा रस आणि डाळिंबी रंगाचं ग्रेनेडीन घालून असं गुलाबी पेय केलं, की बघणाऱ्याला सरबतच वाटावं. सालावरून जाणकारांत वाद आहेत, कारण स्लिंग नावाचं पेय सिंगापुरात त्याआधीही होतं. पण दंतकथा इतकी सोयीची असली की तिला साल कोण विचारतो?

सोय स्वस्त नाही. एका ग्लासाचे चाळीसच्या आसपास डॉलर, वर सेवाशुल्क, त्यावर कर. सरांनी गुणाकार केला आणि "एकच मागवू, दोन नळ्या घेऊ" असा ठराव मांडला. काकूंनी तो फेटाळला. "अहो, वाघ मारायला निघाला होतात ना मघाशी?"

शेंगांचा पेच वेगळा होता. बत्तीस वर्षं सरांनी दर एक ऑगस्टला टिळकांची टरफलांची गोष्ट वर्गात सांगितली होती. ज्याने शेंगा खाल्ल्या त्यानेच टरफलं उचलावीत, हा त्यांच्या दृष्टीने मिटलेला प्रश्न. इथे उचलायला कुणी सांगतच नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा गोरा पाहुणा मुठीमुठीने टरफलं उधळत होता. आणि गावी जत्रेत, एसटीत याच सरांनी आयुष्यभर टरफलं कुठे टाकली, हे काकूंना चांगलं ठाऊक होतं! पण मुभा मिळताच त्यांचा हातच चालेना. पाऊण तासात पेपर नॅपकिनवर टरफलांची नीट रास उभी राहिली. वेटरने हसत हसत ती उचलली आणि जमिनीवर ओतली. सर दचकले.

काकूंनी ग्लासाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत मिरजेच्या नणंदेचं उत्तर आलं, "रंग छान आलाय. कोकम का?" काकूंनी लिहिलं, "तसंच काहीतरी."

बिल देऊन दोघं खाली रस्त्यावर आले. दहा पावलांवर सरांच्या चपलेच्या तळाला चिकटलेलं एक टरफल सुटलं आणि स्वच्छ फरशीवर पडलं. सरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कॅमेऱ्यासाठी वर पाहिलं. मग गुडघा धरून वाकले, टरफल उचललं आणि खिशात टाकलं. ही शेंग आपण खाल्ली नव्हती, गोऱ्याने खाल्ली होती, असं ते काकूंना हॉटेलवर पोचेपर्यंत सांगत होते.