निर्दोष असण्याचा हप्ता

नळ स्टॉपच्या सिग्नलला मी गाडी घेऊन उभा होतो. दिवा लाल, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, म्हणजे ड्रायव्हिंगचे सगळे नियम एकाच वेळी पाळण्याचा माझा तो बहुधा पहिलाच प्रसंग, आणि नेमका तेव्हाच कोबीने भरलेला एक टेंपो मागून येऊन आमच्या डिकीत शिरायला लागला. धक्का बसताच मी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि म्हणालो, "सॉरी!"

टेंपोवाला मोठ्या मनाचा. "असू द्या, काका," म्हणाला. शेजारी स्कूटरवर पाय टेकून उभ्या असलेल्या गृहस्थांनी जागच्या जागी निकालही दिला : "पिवळा असतानाच थांबलात ना? मग मागचा ठोकणारच."

चूक त्याची, तेव्हा पैसेही त्याच्याच विमा कंपनीने द्यायचे, असा माझा भाबडा समज. आमच्या सोसायटीतल्या विमा एजंटांनी तो चहाच्या एका कपात बुडवला. थर्ड पार्टी विमा 1988च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत भरपाईही आहे. फक्त ती मागायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जायचं, पोलिसांचे कागद जोडायचे, वकील द्यायचा आणि तारखांना हजर राहायचं. "एका बंपरसाठी?" मी विचारलं. "म्हणूनच सगळे आपल्याच पॉलिसीवर क्लेम टाकतात," ते म्हणाले आणि माझ्या ताटलीतलं शेवटचं बिस्कीटही त्यांनी उचललं.

क्लेम फॉर्ममध्ये नाव, आरसी, लायसन्स, विमाधारकाचा पॅन असं सगळं होतं; 'मी काहीही केलेलं नाही' असं लिहायला जागा नव्हती. उलट एक रिकामा चौकोन होता आणि त्यात अपघाताचं रेखाचित्र काढायचं होतं. शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी माझी गाय बघून "डोंगर छान आलाय" म्हटलं होतं. तरी मी फूटपट्टी घेऊन रस्ता आखला, सिग्नल काढला, टेंपोत हौसेने चार कोबीही भरले. कंपनीच्या सर्व्हेअरने ते चित्र बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही टेंपोला ठोकलंत?"

मग हिशेब. बिल नऊ हजारांचं. बंपर प्लॅस्टिकचा, मागचा दिवा प्लॅस्टिकचा आणि प्लॅस्टिकवर घसारा निम्मा, म्हणजे त्या वस्तूंची अर्धी किंमत माझ्या डोक्यावर. रंगाच्या सामानातही घसारा. शिवाय प्रत्येक क्लेममागे हजार रुपये आपले आपण सोसायचे. 'झीरो डेप' घेतलेलं असतं तर घसारा वाचला असता, असं सर्व्हेअर गाडीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला. हातात साधारण साडेचार हजार पडले आणि मी विजयी मुद्रेने पेढे घेऊन घरी गेलो.

बायकोने पेढा तोंडात टाकला आणि दुधाच्या कॅलेंडरमागे आकडे मांडले. पाच वर्षं क्लेम नसल्याने आपल्याला पन्नास टक्के नो क्लेम बोनस होता, तो गेला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ढोबळमानाने आठ हजार धरला, तर पुढच्या वर्षी चार हजार जास्त भरायचे. त्यानंतर बोनस पुन्हा वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस असा पायरीपायरीने चढणार, तोवर दरवर्षी थोडे थोडे जात राहणार. तिने बेरीज केली : दहा हजार.

म्हणजे साडेचार हजार मिळवायला मी दहा हजार मोजणार होतो, आणि त्यावर पेढे वेगळे.

टेंपोवाल्याचं काय झालं म्हणाल? त्याच्या टेंपोला ओरखडासुद्धा आला नव्हता, कोबीही शाबूत होता. त्यामुळे त्याने क्लेम केला नाही. त्याला नो क्लेम बोनस असेल, तर तो जागच्या जागी आहे.