गोळा आणि गोळी

पोटरीत गोळा येण्याची वेळ ठरलेली असते. पहाटे साडेतीन. त्या वेळी दूधवाला आलेला नसतो, देव उठलेले नसतात आणि नवरा तर नसतोच. झोपेत जरा पाय ताणला, की पोटरी सोललेल्या नारळासारखी टणक होते आणि तोंडातून "आई गं" निघतं. साठी ओलांडलेल्या बाईनेही हाक मारायची ती आईलाच, हे मला दर खेपेला नव्याने कळतं.

ही गोष्ट मी सकाळी फिरायला गेल्यावर बाकावर सांगितली, ही माझी चूक. आमच्या बाकावर चौघं बसतात आणि चौघांचं निदान एकमुखी निघालं: मॅग्नेशियम कमी. मतभेद झाले ते पुढे. कारण चौघं चार निरनिराळी मॅग्नेशियमं घेतात, आणि प्रत्येकाला आपलं सोडून बाकीची तिन्ही फुकट वाटतात. देवीच्या नवसाबद्दलसुद्धा माणसं इतकी हट्टी नसतात.

परतताना औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार माझा विद्यार्थी. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे नाशकातल्या बऱ्याच काउंटरांपलीकडे माझे विद्यार्थी उभे असतात. "बाई, हे घ्या," तो म्हणाला. "यात मॅग्नेशियम भरपूर, आणि स्वस्त." पाकीट उलटं करून पाहिलं. मॅग्नेशियम ऑक्साइड.

मी काउंटरवरच हसले. त्याला कळेना. अरे, ही तर आपली राख!

मॅग्नेशियमच्या फितीचा प्रयोग ज्यांनी शाळेत पाहिला असेल त्यांना तो आठवत असेल. बाकी सगळं विसरतं, हा एक राहतो. बोटभर फीत, करड्या रंगाची. ती आधी पॉलिश पेपरने घासायची, कारण हवेने तिच्यावर पुटं चढलेली असतात. चिमट्यात धरायची, स्पिरिटच्या दिव्यावर न्यायची. आधी काहीच होत नाही. मागच्या बाकावरून खुसखुस सुरू होते. आणि मग एकदम असा पांढराशुभ्र उजेड पडतो की वर्गातल्या भिंतींचे पोपडेसुद्धा दिसायला लागतात. "थेट बघू नका रे!" असं मी ओरडायची, आणि पन्नास पोरं थेट बघायची. जुन्या काळी फोटो काढताना भपकन उजेड पाडायला याच धातूची पूड जाळत. उजेड संपला की खाली काचेच्या बशीत उरायची चिमूटभर पांढरी राख. तिचं नाव मॅग्नेशियम ऑक्साइड. तीच आता पाकिटात दहा-दहाच्या ओळीने बसून माझ्याकडे आली होती.

धातूचा हिशेब मी बिलाच्या मागेच केला. मॅग्नेशियम २४, ऑक्सिजन १६, एकूण ४०. म्हणजे वजनाच्या ६० टक्के निखळ मॅग्नेशियम. दुकानदाराचं म्हणणं खरं होतं, भरपूर होतं. उत्साहाने मी रोज दोन घ्यायला लागले.

तिसऱ्या दिवशी आम्हाला पुण्याला एका साखरपुड्याला जायचं होतं. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर: एरवी ही गावं मी नावांनी ओळखते, त्या दिवशी सोयींनी ओळखली. आमचे हे गाडी थांबवायचे आणि काही न बोलता समोर बघत बसायचे. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी दाखवलेला हा सर्वोच्च समजूतदारपणा.

झालं होतं ते साधं होतं. ऑक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतं. जे रक्तात शिरत नाही ते आतड्यात मुक्कामाला राहतं, आणि राहता राहता आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून घेतं. पुढचं सांगायला नको. मिल्क ऑफ मॅग्नेशिया म्हणजे दुसरं काय? मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि पाणी. चार्ल्स फिलिप्स नावाच्या गृहस्थाने १८७३ साली त्याचं पेटंट घेतलं आणि अजून ते खपतं आहे. आणि माझ्या प्रयोगाची दुसरी पायरी काय होती? त्या राखेवर पाणी घाला, तांबडा लिटमस बुडवा, निळा होतो. तो निळा करणारा पदार्थ म्हणजे हेच हायड्रॉक्साइड. एकतीस वर्षं मी पोरांकडून वर्गात रेचक बनवून घेत होते आणि आम्हा कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

(पोरांचा नेहमीचा घोळ मॅग्नेशियम आणि मँगनीज यांचा. उत्तरपत्रिकेत ही दोघं एकमेकांच्या जागी बिनदिक्कत बसत. मी गुण कापायची. नंतर वाचनात आलं की दोन्ही नावं ग्रीसमधल्या मॅग्नेशिया या एकाच मुलखावरून आलेली आहेत. मग अर्धा गुण द्यायला लागले.)

त्यानंतर मी हा विषय नीट वाचला, आणि जे कळलं ते लग्नकार्यात वावरलेल्या कोणालाही पटकन समजेल. मॅग्नेशियम हा नवरदेव आहे. तो एकटा कुठे जात नाही. निखळ धातू कोणी गिळत नाही. त्याला कोणाच्या तरी सोबतीने, संयुग होऊन यावं लागतं. ही जी ऑक्साइड, सायट्रेट, ग्लायसिनेट अशी नावं आहेत ती सगळी वऱ्हाडाची. नवरदेव प्रत्येक ठिकाणी तोच. वऱ्हाड कसं आहे त्यावर मात्र मांडवात स्वागत कसं होणार, हे ठरतं.

ऑक्साइडचं वऱ्हाड लहान, नवरदेव मोठा, पण मांडवात शिरायलाच अडचण. सायट्रेटचं वऱ्हाड लिंबाच्या घराण्यातलं. पाण्यात चांगलं विरघळतं, त्यामुळे ऑक्साइडपेक्षा जास्त प्रमाणात अंगी लागतं. जास्त घेतलं तर पोट ढिलं करतंच, म्हणून बद्धकोष्ठवाल्यांचा त्याच्यावर लोभ. बाकावरचे एक निवृत्त अधिकारी ते घेतात आणि त्याचे परिणाम, न विचारता, रोजच्या रोज जाहीर करतात. मॅलेटचं आम्ल सफरचंदात असतं. टॉरेटमधलं टॉरिन १८२७ साली बैलाच्या पित्तातून पहिल्यांदा वेगळं काढलं आणि बैलाच्या लॅटिन नावावरूनच त्याचं नाव पडलं. ही माहिती मी आमच्या बाकावरच्या चातुर्मासवाल्या काकूंना द्यायला नको होती. टॉरिन आता कारखान्यात बनतं, बैलाचा काही संबंध उरलेला नाही, हे मी लगेच सांगितलं. पण त्यांची टॉरेटची बाटली दुसऱ्या दिवसापासून बंद.

सगळ्यात महागडं ते थ्रिओनेट. ते मेंदूपर्यंत पोचतं, स्मरणशक्ती सुधारते, असं म्हणतात. २०१० साली प्रसिद्ध झालेला त्याचा गाजलेला प्रयोग उंदरांवरचा होता; त्या उंदरांना पुढे बऱ्याच गोष्टी लक्षात राहायला लागल्या. माणसांबद्दलचा पुरावा अजून तोकडा आहे. ते घेणारे आमचे चौथे सभासद गोळीची किंमत अजिबात विसरत नाहीत, एवढा परिणाम मी स्वतः पाहिला आहे.

माझी मुलगी न्यू जर्सीला असते. पुण्याच्या प्रवासाची हकिकत तिच्या बाबांनी तिला फोनवर सांगितली. (समजूतदारपणा तेवढ्या दिवसापुरताच होता.) तिने येणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून ग्लायसिनेटची बाटली धाडली. "आई, हे पोटाला त्रास देत नाही, झोपही लागते." ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल, चवीला गोडसर. दोन ग्लायसिन आणि मध्ये एक मॅग्नेशियम, बेरीज १७२. त्यात धातू २४, म्हणजे १४ टक्के. शंभर मिलिग्रॅम मॅग्नेशियम हवं तर सातशे मिलिग्रॅमचा ऐवज गिळायचा. बाटलीवर मोठ्या अक्षरात कुठला आकडा छापलाय, वऱ्हाडासकटचा की नुसत्या नवरदेवाचा, हे भिंग घेऊन बघावं लागतं. मी घेतलं. पोट खरंच शांत राहिलं. झोप लागली. साडेतीनला गोळा आला.

मग शेवटी, जे आधी करायला हवं होतं ते केलं. डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाटली बघायच्या आधी त्यांनी मूत्रपिंडाचा जुना अहवाल मागितला. जादा मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं; ते थकलेलं असेल तर धातू रक्तात साचतो आणि अंगाशी येतो. दुसरा प्रश्न, थायरॉइडची गोळी कधी घेता? मी दोन्ही सकाळी एकत्रच घेत होते. त्यांनी कपाळाला हात लावला. मॅग्नेशियममुळे ती गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. काही अँटिबायोटिक्सचंही तसंच. उलट वर्षानुवर्षं आम्लपित्ताची कॅप्सूल घेणाऱ्यांचं मॅग्नेशियम खरोखर उतरू शकतं. म्हणजे बाकावर ज्याला ते तपासायची खरी गरज होती तो ती कॅप्सूल रोज घेणारा अधिकारी, मी नव्हे.

"रक्त तपासून घेऊ का?" मी विचारलं.

"घ्या, पण त्यावर फार विसंबू नका," त्या म्हणाल्या. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून २५ ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि पेशींत. रक्तद्रवात एक टक्काही नाही. पाकिटातली सुटी नाणी मोजून बँकेतल्या ठेवी ओळखण्यातला प्रकार. आणि पोटरीतल्या गोळ्यांचं म्हणाल तर, वयस्कांच्या रात्रीच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा लक्षात येण्याजोगा उपयोग होत नाही, असंच २०२० सालच्या कॉक्रेनच्या आढाव्यातून निघालं. अर्धशिशीच्या काही रुग्णांना फरक पडतो, ते वेगळं.

मग त्या जरा थांबल्या. "मॅग्नेशियमचा खरा पराक्रम मी प्रसूतिकक्षात पाहिलाय." गरोदरपणात रक्तदाब भडकून झटके येण्याची वेळ येते तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट टोचतात. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजार बायांवर त्याची चाचणी झाली, आणि झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. मी माझी बाटली हळूच पर्समध्ये ठेवली.

घरी आले तर परभणीहून भावाचा फोन. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, कशाला पैसे घालवायलीस? मॅग्नेशियम सल्फेटचं आख्खं पोतं पडलंय माझ्याकडं. कपाशीवर मारायचं हाय. धाडू का?"

कपाशीची पानं तांबडी पडतात, त्याला तिकडे लाल्या म्हणतात. मॅग्नेशियमची उणीव हे त्याचं एक कारण. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, त्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. मी त्याला दटावलं, की ते पिकाचं, माणसाच्या पोटाचं नव्हे. पण माझ्यातली बाई गप्प बसेना. हेच ते एप्सम सॉल्ट. इंग्लंडमधल्या एप्सम गावी १६१८ च्या दुष्काळात एका गुराख्याच्या गाईंनी डबक्यातल्या पाण्याला तोंड लावलं नाही, कडू होतं म्हणून, अशी कथा सांगतात. पुढे ते कडू पाणी पोट साफ करायला प्यायला लांबून लांबून माणसं यायला लागली. गाई तेवढ्या शहाण्या राहिल्या. शिवाय त्याच्या स्फटिकात प्रत्येक रेणूमागे सात रेणू पाणी असतं. वजनाने निम्म्याहून जास्त पाणीच.

"म्हंजे गवळ्याच्या वरताण की," भाऊ म्हणाला. "अन् पैसे पोत्याचे घेतेत." थोडं थांबून म्हणाला, "पर ताई, लाल्या खालच्या पानांवर आधी येतो. जुन्या."

ते मला माहीत होतं, फळ्यावर लिहून दिलेलं होतं. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांकडे पाठवतं. पण त्याच्या तोंडून ऐकताना आईच आठवली. ती शेवटच्या वर्षांत पोटऱ्या चोळत बसायची, आणि भाकरी आमच्या ताटात सरकवायची.

त्या भाकरीचाही हिशेब मी केलाच. बायकांना दिवसाला ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम हवं, असं आपल्याकडची २०२० सालची शिफारस सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत १४० च्या आसपास मिळतं, ज्वारी-बाजरी थोडी मागे, राजगिरा आणि तीळ पुष्कळ पुढे. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ कसाबसा वीसपर्यंत. म्हणजे नाशकात येऊन आम्ही भाकरीवरून भातावर सरकलो आणि मग न्यू जर्सीहून बाटली मागवली. आता निदान एक वेळ भाकरी करते. बाकावर हे सांगितल्यावर कोणाला फारसं आवडलं नाही. भाकरीत कोणाचं सायट्रेट, कोणाचं थ्रिओनेट यावर वाद घालायची सोय नाही.

डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली नाही. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला लावून पोटरी ताणायची, हा व्यायाम झोपण्याआधी करायला सांगितला. गोळा आलाच तर पायाचा पंजा नडगीकडे ओढायचा. मी तो नेमाने करते. गोळे कमी झालेत की मी मोजायची थांबले, सांगता येत नाही.

काल पहाटे आला मात्र. "आई गं" म्हटलं. हे उठले, दिवा न लावता पायथ्याशी गेले आणि अर्धवट झोपेतच पंजा धरून जोरात ओढला.

"अहो, डावा, डावा!" मी ओरडले.